जॅझ समजावून सांगणारा माणूस : योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात परदेशांतील संगीत-पत्रकारितेविषयी लिहिताना जर्मन पत्रकार योआखिम-अर्न्स्ट बेरेंट (१९२२–२०००) यांचा ओझरता उल्लेख केला होता. जॅझवरच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक त्यांचे आहे आणि भारतीय व युरोपीय वादकांना एकत्र आणणाऱ्या १९६७ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेचे निर्मातेही तेच होते, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले.

प्रश्न : बेरेंट यांची जडणघडण कशी झाली? हिटलरच्या राजवटीत वाढलेला मुलगा जॅझकडे वळला, हे मला नवलाचे वाटते. — एक वाचक, सातारा

उत्तर : बेरेंट यांचा जन्म २० जुलै १९२२ रोजी बर्लिनच्या वाइसनझे भागात झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते आणि नाझी सत्तेपुढे मान तुकवण्यास नकार देणाऱ्या ‘बेकेनेंडं किर्ख’ या चर्चगटाशी त्यांचे नाते होते. त्याची किंमत त्यांनी प्राण देऊन चुकवली. १९४२ साली डाखाऊच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. मुलाने तोवर भौतिकशास्त्राचे शिक्षण सुरू केले होते, पण ते अर्धवट सोडून त्याला सैन्यात जावे लागले. ज्या राजवटीने बापाला छावणीत डांबले, तिच्याच सैन्याचा गणवेश मुलाच्या अंगावर होता. बेरेंट यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही, असे माझे मत आहे.

जॅझविषयी म्हणायचे, तर त्या काळच्या जर्मनीत हे संगीत ऐकणे ही केवळ आवडीनिवडीची बाब उरली नव्हती. जर्मन नभोवाणीवरून जॅझ वाजवण्यास १९३५ मध्ये बंदी घातली गेली. १९३८ साली ड्यूसेलडॉर्फ येथे ‘भ्रष्ट’ ठरवलेल्या संगीताचे प्रदर्शन भरले. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणारा एक कृष्णवर्णीय माणूस विकृत रूपात चितारलेला होता आणि त्याच्या कोटावर ज्यूंचे षट्कोनी ताऱ्याचे चिन्ह लावलेले होते. कृष्णवर्णीय आणि ज्यू अशा दोघांविषयीचा द्वेष त्या एकाच चित्रात ओतला होता आणि त्या द्वेषाला वाट म्हणून संगीत निवडले होते. हॅम्बुर्गसारख्या शहरांत ‘स्विंग’ या नाचायच्या जॅझवर नाचणाऱ्या तरुणांना पकडून छावण्यांत धाडल्याच्या घटना घडल्या. तेव्हा युद्धानंतर ज्या तरुणाला भूतकाळापासून स्वच्छपणे वेगळे व्हायचे होते, त्याला जॅझमध्ये स्वातंत्र्य दिसले यात नवल नाही. उलट, तसे दिसले नसते तरच नवल.

युद्ध संपल्यावर फ्रेंच ताब्यातील प्रदेशात बाडेन-बाडेन येथे ‘झ्यूडवेस्टफुंक’ हे नभोवाणी केंद्र उभे राहिले. त्याच्या उभारणीत तेवीस वर्षांचे बेरेंट पहिल्यापासून होते. १९५० पासून १९८७ पर्यंत तेथील जॅझ विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. एका माणसाने एका केंद्रावर इतका दीर्घकाळ एकाच संगीतप्रकाराचा पाठपुरावा केल्याची उदाहरणे विरळा आहेत.

प्रश्न : तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी जॅझची कठोर हेटाळणी केली होती. बेरेंट यांनी त्यांना उत्तर दिले होते, असे वाचले. तो वाद काय होता? आणि बेरेंट यांच्या पुस्तकाचे एवढे नाव का? — समाजशास्त्राचे एक प्राध्यापक, पुणे

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकाच वर्षाचे आहेत. १९५३ साली अडोर्नो यांनी ‘मेर्कुर’ या प्रतिष्ठित मासिकात जॅझवर लेख लिहिला. जॅझमधले स्वातंत्र्य देखाव्यापुरते आहे, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे होते. वरवर लयीशी कितीही खेळ केला तरी खालचा ठेका जसाच्या तसा चालू राहतो. वादकाची उत्स्फूर्तता म्हणजे ठरावीक साच्यांची फिरवाफिरव असते. ऐकणाऱ्याला बंडखोरीचे समाधान मिळते आणि तो मुकाट्याने व्यवस्थेत बसतो. अडोर्नो स्वतः नाझींमुळे देशोधडीला लागलेले होते. त्यामुळे झुंडीच्या आज्ञाधारकपणाचा त्यांना आलेला संशय पोकळ नव्हता.

त्याच वर्षी, त्याच मासिकात बेरेंट यांनी प्रत्युत्तर दिले. अडोर्नो ज्याला जॅझ म्हणतात ते नृत्यगृहांतले बाजारू संगीत आहे, आधुनिक जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी जे घडवले ते त्यांनी ऐकलेलेच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. हुकूमशाही राजवटींना जॅझ सहन होत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. विद्वत्तेच्या तराजूत दोघांची बरोबरी होणे शक्यच नव्हते. अडोर्नो तत्त्वज्ञ होते, संगीतरचनाकार होते, आणि बेरेंट एकतिशीतले नभोवाणी-पत्रकार. तरीही ऐकण्याच्या बाबतीत बेरेंट यांची बाजू वरचढ होती असे मला वाटते, कारण ज्या संगीताबद्दल ते बोलत होते ते त्यांनी रोजच्या रोज, ध्वनिमुद्रिकेमागून ध्वनिमुद्रिका कानांखालून घातले होते.

मात्र या वादाने त्यांना एक सवयही लावली, आणि ती पुढे सुटली नाही. जॅझ ही श्रेष्ठ कला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी प्रतिपक्षाचेच निकष हाती घेतले. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, किती गुंतागुंतीची, रचना किती बांधेसूद, आधुनिक युरोपीय संगीताशी नाते किती जवळचे, अशा मोजमापांवर जॅझला मान मिळवून देताना त्यातले नाचणे, हसणे, मौजमजा यांना त्यांनी काहीसे मागच्या बाकावर बसवले.

‘दास जॅझबूख’ हे पुस्तकही १९५३ मध्येच स्वस्त पेपरबॅक आवृत्तीत निघाले. अनेक भाषांत अनुवाद होऊन त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि बेरेंट दर काही वर्षांनी त्यात भर घालत राहिले. पुढे ग्युंटर ह्यूसमान यांनी हे काम चालू ठेवले. या यशाचे मर्म पुस्तकाच्या मांडणीत आहे. प्रथम दशकवार शैली, मग लुई आर्मस्ट्राँगपासून सुरू होणारी मोजक्या कलावंतांची व्यक्तिचित्रे, त्यानंतर लय, सूर, हार्मनी, ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकगायन) हे घटक, आणि मग एकेका वाद्याची स्वतंत्र वंशावळ. ट्रम्पेट वाजवणाऱ्याने ट्रम्पेटचे प्रकरण उघडावे आणि आपण कोणाच्या वाटेने चाललो आहोत ते पाहावे. काही कलावंत त्यांनी जोडीने मांडले, उदाहरणार्थ कोलमन हॉकिन्स आणि लेस्टर यंग. वाद्य एकच, टेनर सॅक्सोफोन, पण एकाचा स्वर भरदार आणि दुसऱ्याचा हलका, अलिप्त. या दोघांना शेजारी ठेवले की नवख्या वाचकालाही काय ऐकायचे ते कळू लागते.

त्यांनी केलेली जॅझची व्याख्या आजही उपयोगी पडते. जॅझ युरोपीय संगीतापासून तीन बाबतींत वेगळे आहे, असे ते म्हणतात : काळाशी असलेले विशेष नाते, ज्याला ‘स्विंग’ म्हणतात, वादनातली उत्स्फूर्तता व जिवंतपणा, ज्यात तत्क्षणी केलेल्या निर्मितीला महत्त्व आहे, आणि प्रत्येक वादकाचे व्यक्तिमत्त्व ज्यातून ओळखू यावे असा स्वर व स्वरवाक्य मांडण्याची धाटणी. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्या कानांना यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी सहज पटतील, आणि म्हणूनच पहिल्या गोष्टीकडे आपण अधिक लक्ष द्यायला हवे.

प्रश्न : बेरेंट जॅझचे जाणकार होते हे मान्य. पण ‘लोकप्रिय संस्कृतीचे पत्रकार’ असे त्यांना म्हणणे कितपत योग्य? रॉक आणि पॉपशी त्यांचा काय संबंध? — एक वाचक, नागपूर

उत्तर : स्वतः बेरेंट यांना हे बिरुद फारसे आवडले नसते, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु परिणाम पाहिला तर बिरुद योग्य आहे. त्यासाठी ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’चा इतिहास पाहावा लागेल.

१९६० साली बेरेंट छायाचित्रकार विल्यम क्लॅक्स्टन यांच्यासह अमेरिकाभर हिंडले. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर, चर्चमध्ये, तुरुंगात, क्लबांत जिथे म्हणून हे संगीत जगत होते तिथे ते गेले, आणि त्यातून ‘जॅझ लाइफ’ हे भव्य छायाचित्र-पुस्तक तयार झाले. जॅझचे मूळ असलेले ब्लूज गाणारे कलावंत त्यांच्याच देशात उपेक्षित आहेत, तर त्यांना युरोपच्या मोठ्या सभागृहांत आणावे, या बेरेंट यांच्या कल्पनेला होर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राऊ या आयोजकांनी मूर्त रूप दिले, आणि १९६२ मध्ये या महोत्सवाचा पहिला दौरा निघाला. जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, विली डिक्सन, सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी अशी मंडळी त्यात होती. त्या वर्षी हा दौरा मँचेस्टरला पोचला तेव्हा श्रोत्यांत पुढे ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉकगटात गाजलेले मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि ‘लेड झेपेलिन’चा जिमी पेज हे तरुण बसलेले होते. पुढच्याच दौऱ्यानंतर सनी बॉय विल्यमसन इंग्लंडमध्ये रेंगाळले आणि ‘यार्डबर्ड्स’ व ‘अॅनिमल्स’ या नवख्या गटांसोबत वाजवू लागले. ब्रिटिश रॉकच्या घडणीत एका जर्मन नभोवाणी-पत्रकाराचा हात होता, हे सांगताना मला अतिशयोक्ती केल्यासारखे वाटत नाही.

या कलावंतांचे चित्रीकरण बाडेन-बाडेनच्या स्टुडिओत होत असे आणि बेरेंट यांच्या ‘जॅझ – गेह्योर्ट उंड गेझेएन’ या दूरचित्रवाणी मालिकेत ते दाखवले जाई. ती दृश्ये आज उपलब्ध आहेत आणि ती जरूर पाहावीत. उंच, सडपातळ सनी बॉय विल्यमसन दोन रंगांचा सूट घालून, डोक्यावर गोल हॅट ठेवून उभे असतात. हार्मोनिका तळहातांच्या ओंजळीत जवळजवळ दिसेनाशी होते आणि दोन फुंकरींच्या मध्ये ते गाण्याची ओळ बोलल्यासारखी म्हणतात. बाकीचे कलावंत आजूबाजूला बसून ऐकत असतात, मान डोलावतात. एवढा निकटचा अनुभव त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीने या मंडळींचा क्वचितच दिला.

आता त्याच दृश्यांतला नेपथ्याचा भाग पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेतली लाकडी ओसरी, धाब्यासारखी खानावळ, रस्त्याचा कोपरा असे देखावे स्टुडिओत उभारलेले आहेत. शिकागोसारख्या औद्योगिक महानगरात विजेच्या गिटारवर वाजवणाऱ्या माणसांना पुन्हा कापसाच्या शेतांच्या काठावर नेऊन बसवण्याचा हा अट्टहास आहे. ब्लूज म्हणजे असे काहीतरी असणार, ही गोऱ्या युरोपीय मनातली कल्पना त्या लाकडी फळ्यांतून डोकावते. बेरेंट यांचा या कलावंतांविषयीचा आदर अस्सल होता आणि त्या आदराला ही मर्यादाही होती.

प्रश्न : केशव साठे या तबलावादकांनी जर्मनीत एका जॅझ ध्वनिमुद्रिकेत साथ केली होती, असे आमच्या तबल्याच्या गुरुजींनी सांगितले. ती हीच का? — तबल्याची एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : होय, तीच. ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६७ मधली आहे. नैर्ऋत्य जर्मनीतील फिलिंगेन या छोट्या गावात हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांचा ‘साबा’ नावाचा ध्वनिमुद्रण-व्यवसाय होता. तोच पुढे ‘एमपीएस’ या नावाने जॅझप्रेमींत प्रसिद्ध झाला. बेरेंट तेथे ‘जॅझ मीट्स द वर्ल्ड’ ही मालिका करत होते, आणि तिच्यात इंडोनेशिया, ट्युनिशिया, जपान, ब्राझील, स्पेन अशा देशांच्या संगीताची जॅझशी गाठ घातली गेली.

भारतीय बाजूला दिवाण मोतीहार सतार आणि गायनाला, कुसुम ठाकूर तानपुऱ्यावर आणि मुंबईत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेले केशव साठे तबल्यावर होते. युरोपीय बाजूला स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्झर यांचे त्रिकूट होते, त्यात बासवर उली ट्रेप्टे आणि ड्रमवर मानी नॉयमायर. शिवाय कॉर्नेट-ट्रम्पेटवर मानफ्रेड शूफ व सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. ‘याद’, ‘सन लव्ह’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’ अशा तीनच दीर्घ रचना तीत आहेत. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी लहानशी नदी. पुढे डोनाउएशिंगेनजवळ ती ब्रेगला मिळते आणि तेथून डॅन्यूब सुरू होते.

श्वाइत्झर तेव्हा मुक्त जॅझकडे झपाट्याने चालल्या होत्या, म्हणजे ठरलेली लय आणि ठरलेली हार्मनी दोन्ही सोडून देण्याकडे. समोर तालाचे आवर्तन काटेकोर पाळणारा तबला. त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेत खरा मिलाफ फार थोड्या ठिकाणी होतो; पुष्कळदा दोन्ही गट आळीपाळीने बोलतात आणि दुसऱ्याचे बोलणे संपायची वाट पाहतात. तरीही ती ऐकावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण येथे कोणीही दुसऱ्याचे सोंग घेत नाही. त्याच सुमारास पॉप गाण्यांत चवीपुरती सतार घालण्याची लाट आली होती, आणि तिच्या तुलनेत हा प्रयोग प्रामाणिक आहे. आपण तबला शिकता, तेव्हा साठे आणि नॉयमायर एकाच वेळी वाजवतात ती स्थळे मुद्दाम ऐका. ड्रमचा पसारा वाढत असताना साठे आवाज न चढवता ठेका स्वच्छ ठेवतात. हा संयम मला त्या साऱ्या मुद्रिकेत सर्वांत मोलाचा वाटतो.

साठे यांचे काम एवढ्यावर थांबले नाही. लंडनमध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांत ते होते, आणि १९७० च्या दशकात गिटारवादक जॉन रेनबोर्न यांच्या गटासोबत त्यांनी इंग्रजी लोकगीतांना तबल्याची साथ दिली. मराठीत त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे, याची खंत वाटते. ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी पुढच्याच वर्षी ‘गुरु गुरु’ हा रॉकगट काढला.

प्रश्न : समीक्षक, नभोवाणीचा अधिकारी, ध्वनिमुद्रिकांचा निर्माता आणि महोत्सवाचा संचालक, हे सारे एकच व्यक्ती असणे आपल्याला योग्य वाटते का? — एक माजी पत्रकार, कोल्हापूर

उत्तर : योग्य वाटत नाही. ज्या मुद्रिकेची निर्मिती आपण केली, तीच आपण नभोवाणीवर वाजवायची, तिच्यातल्या कलावंतांना आपल्याच महोत्सवात बोलवायचे आणि आपल्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांना इतिहासात जागा द्यायची, हे सत्तेचे केंद्रीकरण आहे, मग माणूस कितीही सचोटीचा असो. बेरेंट यांच्या मर्जीतून उतरलेल्या वादकाला पश्चिम जर्मनीत दाद मागायला दुसरे दार फारसे नव्हते.

त्याच वेळी हेही सांगायला हवे, की अनेक दारे मुळात त्यांनीच बसवली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या ‘जॅझटागे’ महोत्सवाचे ते पहिले कलासंचालक. त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांनी जॅझ आणि कृष्णवर्णीयांचा लढा यांच्या नात्यावर लहानसा मजकूर लिहून दिला होता. पण अवघ्या चार वर्षांत, १९६८ साली, पीटर ब्रोट्झमान प्रभृती तरुण वादकांनी त्याच महोत्सवाच्या विरोधात ‘टोटल म्युझिक मीटिंग’ भरवले, आणि पुढच्या वर्षी वादकांनीच चालवलेली ‘एफएमपी’ ही ध्वनिमुद्रण-संस्था निघाली. या विरोधाने जर्मन जॅझचे भलेच झाले.

लेखनाच्या क्षेत्रातही पुढची पिढी वेगळ्या वाटेने गेली. १९८० साली कोलोनमध्ये ‘स्पेक्स’ हे मासिक सुरू झाले. १९५७ मध्ये हॅम्बुर्गला जन्मलेले डीडरिख डीडरिक्सन आधी ‘साउंड्स’ या संगीत-मासिकाचे आणि नंतर ‘स्पेक्स’चे संपादक झाले, आणि पुढे व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत प्राध्यापक. बेरेंट जिला बिचकत होते त्या गोष्टीपासूनच डीडरिक्सन सुरुवात करतात. पॉप संगीत म्हणजे नुसते सूर नव्हेत. छायाचित्रे, मुद्रिकेचे वेष्टन, गायकाचा आविर्भाव, चाहत्याची खोली हे सारे मिळून ते बनते, असे त्यांनी २०१४ च्या आपल्या विस्तृत ग्रंथात मांडले. पॉपला श्रेष्ठ कलेचे प्रमाणपत्र मिळवून देण्याची गरज त्यांना वाटत नाही. मला डीडरिक्सन यांचा विचार अधिक पटतो; पण नवख्या श्रोत्याच्या हातात मी आधी बेरेंट यांचे पुस्तक देईन, कारण डीडरिक्सन वाचकाला आधीच सारे ठाऊक आहे असे गृहीत धरतात.

प्रश्न : ‘नादब्रह्म’ नावाचे त्यांचे एक पुस्तक आहे. ते रजनीशांचे अनुयायी होते, हे खरे का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : खरे आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात बेरेंट रजनीशांकडे ओढले गेले. त्या काळात पुण्याच्या कोरेगाव पार्कात येणाऱ्या पाश्चात्त्यांत जर्मनांचा भरणा मोठा होता, तेव्हा ते एकटे नव्हते. ‘नाद ब्रह्म’ आधी नभोवाणी मालिका म्हणून प्रसारित झाले आणि १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आले. पाश्चात्त्य माणूस डोळ्यांच्या आहारी गेला आहे, त्याने पुन्हा कानांनी जग जाणून घ्यावे, हा त्यातला गाभा. ग्रहांच्या भ्रमणकाळाला सप्तकांमागून सप्तके चढवत कानाला ऐकू येईल अशा स्वरात आणण्याचे प्रयोगही त्यात आहेत, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरपासून झेन साधकांपर्यंत अनेकांचे दाखले आहेत.

ऐकण्याच्या महत्त्वाविषयी ते जे सांगतात ते मनापासूनचे आहे आणि वाचनीय आहे. मात्र भौतिकशास्त्र, तंत्रमार्ग आणि संगीत यांच्यातल्या साम्यांवरून ते ज्या निष्कर्षांवर उडी मारतात, तेथे त्यांचा जुना चिकित्सक स्वभाव सुटतो. लेस्टर यंगच्या एका सुराविषयी लिहिताना शब्द तोलून वापरणारा हा लेखक विश्वाविषयी लिहिताना मात्र पुरावा मागत नाही. वडिलांचे धर्मपीठ मुलाने या वयात वेगळ्या मार्गाने जवळ केले, असे मला त्यांची शेवटची पुस्तके वाचताना वाटते.

४ फेब्रुवारी २००० रोजी हॅम्बुर्गमध्ये, आपल्या नव्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला पायी जात असताना मोटारीची धडक बसून त्यांचे निधन झाले.

प्रश्न : बेरेंट यांचे काम जाणून घेण्यासाठी कोठून सुरुवात करावी? जर्मन येत नाही. — एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘द जॅझ बुक’ ही इंग्रजी आवृत्ती मिळवा, शक्यतो ह्यूसमान यांनी वाढवलेली. ती सलग वाचू नका. एखाद्या वाद्याचे प्रकरण निवडा आणि त्यात आलेल्या प्रत्येक वादकाचे एक तरी वादन ऐकूनच पुढच्या परिच्छेदाकडे वळा. त्यानंतर फोक ब्लूज महोत्सवाची चित्रमुद्रणे पाहा, आणि मग ‘जॅझ मीट्स इंडिया’. चरित्राच्या अंगाने वाचायचे असेल तर अँड्र्यू राइट हर्ले यांचा २००९ सालचा इंग्रजी अभ्यासग्रंथ निष्पक्ष आणि भरपूर तपशिलांचा आहे. बेरेंट यांचा मुद्रिका, पुस्तके आणि कागदपत्रांचा संग्रह १९८३ मध्ये डार्मश्टाट शहराने विकत घेतला. त्यातूनच तेथील जॅझ संस्था उभी राहिली, आणि अभ्यासकांना तो संग्रह तेथे पाहता येतो.